इथे पाणी येतं कुठून?

(मंडळाच्या गेल्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोजागिरीचा चंद्र वर आलाय, मागे पातेल्यात दूध आटतंय, आणि अशा वेळी कुणी माईक हातात घेतला की सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: हा माणूस थांबणार कधी? कमिटीने मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय विचारला तेव्हा मी "पाणी" म्हटलं, तर एक वहिनी लगेच म्हणाल्या, "बोला हो, फक्त आमच्या दुधात घालू नका म्हणजे झालं!" नाही घालणार, वहिनी. पण दुधातलं केशर कुठलं, वेलदोडा कुठल्या दुकानातला, हे आपण विचारून आणतो. ज्या पाण्यावर आपण इथे वर्षानुवर्षं जगतोय ते कुठून येतं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय? मीही विचारलं नव्हतं. मला ते माझ्या आईने विचारायला लावलं.

गोष्ट १९९८ सालची. आम्हाला सिडनीत येऊन दोन वर्षं झाली होती. वेस्टमीडला भाड्याचा छोटा फ्लॅट, थोरली मुलगी चार महिन्यांची, आणि नातीला बघायला आई मुंबईहून आलेली. जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. पाण्यात जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचे परजीवी सापडलेत. बायको घाबरली, कारण बाळाच्या बाटल्या त्याच पाण्याने धुतलेल्या. सुपरमार्केटमधल्या पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळीच संपल्या. ऑस्ट्रेलियन शेजारीण रडकुंडीला आली होती.

आणि आई? आईने पदर खोचला. "अगं, एवढंच ना? आम्ही जन्मभर उकळूनच पितोय," म्हणाली. माझ्या एका जुन्या मलमलच्या झब्ब्याचं फडकं केलं, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि पुढचे काही आठवडे आमच्या घराचं वॉटर डिपार्टमेंट तिने चालवलं. शेजारणीलासुद्धा दोन तांबे रोज! पण पहिल्याच रात्री तिने मला विचारलं, "इथे पाणी येतं कुठून रे?"

मी म्हटलं, "धरणातून."

"कुठल्या धरणातून? आणि त्या धरणाच्या वरच्या अंगाला कोण राहतं? गुरं कुठे चरतात?"

मी सिव्हिल इंजिनियर. पण मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही.

आईला हे प्रश्न सुचले, कारण ती शहापूर तालुक्यातली, तानसा तलावाच्या बाजूच्या एका पाड्यावर वाढलेली. माझं आजोळ ते. तिथल्या ओहोळावर एक साधा नियम होता. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी भरायचं, त्याच्या खाली कपडे धुवायचे, आणि गुरं धुवायची ती सगळ्यात खाली. वरच्या बाजूला कुणी गुरं घातली तर म्हाताऱ्या बायका अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल अशा ओरडायच्या. कायदा नाही, बोर्ड नाही, पण नियम पक्का. पाणी जिथून येतं तिथे घाण करायची नाही, एवढंच त्याचं सार.

आता गंमत बघा. सिडनीत त्या वर्षी जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तीन वेळा पाणी उकळायचे आदेश निघाले. सुमारे तीस लाख माणसांवर परिणाम झाला. सुदैवाने आजाराची साथ काही आली नाही, आणि प्रयोगशाळेतले आकडे कितपत बरोबर होते यावर पुढे वादही झाला. पण सरकारने पीटर मॅक्लेलन या नामवंत वकिलांकडे चौकशी सोपवली, आणि त्या चौकशीलाही शेवटी आईच्याच प्रश्नाशी यावं लागलं: धरणाच्या वरच्या अंगाला काय चाललंय?

हे परजीवी येतात माणसाच्या आणि जनावरांच्या विष्ठेतून. क्रिप्टोस्पोरिडियमभोवती असं टणक कवच असतं की पाण्यात नेहमी घालतात तेवढ्या क्लोरिनला ते दाद देत नाही. उकळलं की मरतं, किंवा बारीक फिल्टरने अडवावं लागतं. प्रॉस्पेक्टचा मोठा फिल्ट्रेशन प्लांट १९९६ मध्येच सुरू झालेला होता. म्हणजे यंत्र नवं कोरं होतं! पण आधी कोरडे महिने गेले, मग जोराचा पाऊस झाला आणि डोंगरउतारावरची सगळी घाण धुपून धरणात आली. तेव्हा लक्षात आलं की फिल्टर हा पाण्याच्या वाटेवरचा शेवटचा पहारेकरी आहे. पहिला पहारा जमिनीवर, जिथे पावसाचा थेंब पडतो तिथे बसवायला हवा. मराठीत त्या जमिनीला आपण पाणलोट क्षेत्र म्हणतो.

चौकशीनंतर पाणलोटासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९९९ साली सिडनी कॅचमेंट ऑथॉरिटी ही वेगळी संस्था उभी राहिली. २०१५ पासून तिचं काम वॉटर एनएसडब्ल्यू ही संस्था करते. आज साधारण व्यवस्था अशी आहे: धरणं आणि पाणलोट वॉटर एनएसडब्ल्यूकडे, पाणी शुद्ध करून घरोघरी पोचवणं सिडनी वॉटरकडे, आणि ते प्यायला सुरक्षित आहे ना यावर नजर एनएसडब्ल्यू हेल्थची. शिवाय दर तीन वर्षांनी पाणलोटाच्या तब्येतीचं स्वतंत्र ऑडिट होतं आणि त्याचा अहवाल कुणालाही वाचता येतो. मी वाचतो. झोप येत नसेल तर उत्तम उपाय आहे! पण खरं सांगतो, आपल्या गावाच्या पाण्याचा असा अहवाल आपल्याला मागता आला असता तर काय झालं असतं, असा विचार वाचताना दरवेळी येतो.

मंडळी, हे शहाणपण सिडनीला सहज आलेलं नाही. या शहराने पाणी घाण करायचं आणि पुढचं पाणी शोधायला आणखी लांब जायचं, असं शंभर वर्षं केलंय. १७८८ मध्ये कॅप्टन आर्थर फिलिप यांनी वसाहतीसाठी सिडनी कोव्हची जागा निवडली ती तिथल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यामुळे. पुढे त्या झऱ्याच्या काठच्या खडकात टाक्या खोदल्या, म्हणून त्याला टँक स्ट्रीम नाव पडलं. काठची झाडं तोडू नका, डुकरं पाळू नका, कपडे धुवू नका, अशी फर्मानं गव्हर्नरांनी काढली. घर पाडण्याचीही धमकी दिली. कुणी ऐकलं नाही. १८२६ पर्यंत, म्हणजे अवघ्या ३८ वर्षांत, तो झरा पिण्याच्या लायकीचा उरला नाही. आज तो पिट स्ट्रीटच्या आसपास जमिनीखालून गटार होऊन वाहतो. सीबीडीत काम करणारे आपले लोक रोज त्याच्यावरून चालत जातात.

मग आज सेंटेनियल पार्क आहे तिथल्या दलदलीतून बोगदा काढून पाणी आणलं, तो १८३७ मध्ये पूर्ण झाला. तेही पुरेना, म्हणून बॉटनीची दलदल. १८८८ मध्ये अपर नेपियन योजना, आणि शेवटी १९६० मध्ये वॉरगॅम्बा. प्रत्येक वेळी पाणी आणखी लांबून.

आपल्याकडचंही उदाहरण देतो, कारण मी पवईजवळ लहानाचा मोठा झालो. मुंबईचा विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. मुंबईच्या गरजेच्या मानाने पाणी अगदी थोडं, पण दोन्ही तलाव आजही मुंबईला पिण्याचं पाणी देतात. विहारच्या अगदी खालच्या अंगाला १८९१ च्या सुमाराचा पवई तलाव. तोही पिण्यासाठीच बांधलेला, पण त्याचं पाणी पिता येत नाही. पाऊस तोच, डोंगर तोच, मधलं अंतर चालत जाण्याएवढं! फरक एवढाच की एकाच्या भोवती जंगल राहिलं आणि दुसऱ्याच्या भोवती वस्ती, टॉवर आणि गटारं आली. पाणलोट म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी व्याख्या सांगत नाही, विहार आणि पवई दाखवतो. आणि इथल्यांना इथलंच उदाहरण हवं असेल तर लेक पॅरामॅटा आहे. तिथलं धरण १८५६ चं, १९०९ पर्यंत पॅरामॅटाला त्याचं पाणी होतं. भोवती शहर वाढलं. आज तिथे पोहता येतं, तेही बऱ्याच खटपटीनंतर २०१५ मध्ये परत सुरू झालं. प्यायचं पाणी मात्र आता दुसरीकडून.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या नळाचं पाणी मुख्यतः वॉरगॅम्बा धरणातून येतं. सिडनीच्या गरजेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी ते एकटं देऊ शकतं. भिंत १४२ मीटर उंच. साठा सुमारे दोन लाख कोटी लिटर, म्हणजे आपल्या भाषेत साधारण ७० टीएमसी. कोयना १०५ टीएमसी, त्यावरून अंदाज करा. सिडनीच्या सगळ्या धरणांचं मिळून पाणलोट क्षेत्र सुमारे १६ हजार चौरस किलोमीटर आहे. लिथगोपासून गोलबर्नच्याही पलीकडे. त्यात जंगल आहे, तशी शेती आहे, कोळशाच्या खाणी आहेत, गावं आहेत. धरणांच्या लगतचा भाग मात्र 'स्पेशल एरिया' म्हणून राखलेला. त्यातल्या सगळ्यात आतल्या पट्ट्यात पाऊल टाकायलाही बंदी, आणि दंड असा की गाडी विकावी लागेल. बाकीच्या भागात तुम्ही घर बांधा, शेड घाला, पण त्यामुळे पाण्याची प्रत आहे त्यापेक्षा बिघडणार नाही, हे आधी दाखवून द्यावं लागतं. आपल्यापैकी काहींनी बावरल, मिटागाँगकडे जागा घेतली असेल. काउन्सिल सेप्टिक टँकवरून एवढं छळतं का, याचं उत्तर हे आहे. आपण सिडनीकरांच्या ओहोळाच्या वरच्या अंगाला आहात!

कुणी म्हणेल, एवढा कडकपणा कशाला? शेजारच्या न्यूझीलंडचं बघा. हॅवलॉक नॉर्थ हे छोटं, सुखवस्तू गाव. बोअरचं पाणी, स्वच्छ म्हणून क्लोरिनसुद्धा घालत नसत. ऑगस्ट २०१६ मध्ये मोठा पाऊस झाला, मेंढ्यांच्या लेंड्यांची घाण पाण्यात उतरली, आणि पाच हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. चार मृत्यूंचा संबंध त्या पाण्याशी जोडला गेला. श्रीमंत देश, उत्तम डॉक्टर, आणि तरीही!

आणि धोका दरवेळी नव्या रूपाने येतो. २०१९-२० च्या वणव्यांत वॉरगॅम्बाच्या वरच्या जंगलाचा मोठा भाग जळला. आपल्या सगळ्यांना ते लालभडक आकाश आठवत असेल. आपण धुराची काळजी करत होतो, पाण्याची माणसं राखेची काळजी करत होती. जंगलातला पालापाचोळा आणि मऊ माती पावसाला धरून ठेवते, हळूहळू सोडते. ती जळाली की पाणी थेट धावतं आणि राख घेऊन येतं. धरणात तरंगते अडथळे टाकले. फेब्रुवारी २०२० मध्ये असा पाऊस आला की अर्ध्याहून कमी भरलेलं धरण काही दिवसांत ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं. धरणातून वेगवेगळ्या खोलीवरून पाणी उचलता येतं, म्हणून जिथे गढूळ नाही तिथून उचललं. आपल्या घरात त्या आठवड्यात नेहमीसारखा चहा झाला. कुणाला कळलंही नाही. चांगल्या व्यवस्थेची गोष्टच अशी असते, ती नीट चालते तेव्हा तिची बातमी होत नाही.

२०२४ मध्ये मात्र बातमी झाली. ब्लू माउंटन्समधल्या दोन छोट्या धरणांत पीएफएएस ही रसायनं सापडली आणि ती धरणं पुरवठ्यातून बाजूला काढावी लागली. संशय कुठे गेला, माहीत आहे? १९९२ साली मेडलो बाथला पेट्रोलच्या टँकरचा अपघात झाला होता, तेव्हा आग विझवायला वापरलेल्या फेसावर. तीस वर्षांपूर्वीचा फेस! जून २०२५ मध्ये देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत या रसायनांच्या मर्यादा खूप कडक केल्या. पाणलोटाची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली असते, मंडळी. वर आज सांडलेलं नातवंडांच्या ग्लासात येतं.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. पाणी राखायची किंमत कोण देतं? वॉरगॅम्बाच्या तलावाखाली बुरागोरँगचं खोरं बुडालंय. गुंडुंगुरा लोकांची ती भूमी, त्यांची हजारो वर्षांची ठिकाणं तिथे होती. नंतर आलेल्या शेतकऱ्यांची घरंही होती. सगळे उठले. आणि माझ्या आजोळी, शहापूर तालुक्यात? तानसा, भातसा, मुंबईची मोठमोठी धरणं त्या भागात. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. आणि एप्रिल-मे आला की पाड्यांवर टँकर! मामाच्या घराजवळून मुंबईची जाडजूड पाइपलाइन जायची. आम्ही मुलं तिच्या अंगाला कान लावून आतलं पाणी ऐकायचो आणि मामी हंडा घेऊन दीड मैलावरच्या विहिरीत वाटी वाटीने पाणी भरायला जायची. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मी पुस्तकात वाचण्याआधी मामीच्या तोंडून ऐकली.

त्या मामीसाठी मी एक चूक केली, ती आज कबूल करतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या जलदूत गाडीचे फोटो बघून आपण सगळेच हललो होतो. आम्ही काही मित्रांनी पैसे जमवले. चर्चा झाली, आणि मीच हट्ट धरला की माझ्या आजोळी बोअर मारायची. काम लवकर होतं, हापशाचा फोटो येतो, पैसे देणाऱ्यांना समाधान मिळतं. बोअर झाली. पहिला मे महिना हापसा जोरात चालला. दुसऱ्या वर्षी तासनतास थांबून हंडा भरायचा. तिसऱ्या मे महिन्यात मामेभावाने फोन केला, "दादा, हापसा आता नुसता वाजतो."

मी इंजिनियर, मला आधी कळायला हवं होतं. आपला सह्याद्रीचा काळा खडक म्हणजे काही स्पंज नव्हे. पाणी राहतं ते फटींत आणि वरच्या झिजलेल्या थरात. बोअर म्हणजे आत असलेलं पाणी उपसायची नळी, ती पाणी तयार करत नाही. उघड्या डोंगरावरून पाऊस चार तासांत वाहून जात असेल तर आत जाणार काय? मी नळ बघितला, वरचा अंग बघितला नाही. आईने अठरा वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न मी पुन्हा एकदा विसरलो.

आणि असं काम करणारी माणसं महाराष्ट्रात नव्हती असं नाही. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आपण शाळेपासून ऐकतोय. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा, भूमिहीनालाही द्यायचा, असा तिचा विचार. राळेगणसिद्धी सर्वांना माहीत आहे. हिवरे बाजारला पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी डोंगरावर चर खणले, चराई आणि कुऱ्हाड थांबवली, शेतीसाठी बोअर मारायला बंदी केली. दरवर्षी विहिरींची पातळी मोजून गाव ठरवतं की यंदा कुठलं पीक घ्यायचं. घरखर्चासारखा पाण्याचा ताळेबंद! फादर हर्मन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे 'वॉटर', ही संस्था गावोगावच्या लोकांना हेच शिकवते. २०१६ पासून काही वर्षं पानी फाउंडेशनच्या वॉटर कपने हजारो गावांत श्रमदान घडवलं. या सगळ्यांचं सूत्र एकच: माथा ते पायथा. आधी डोंगराच्या माथ्यावर काम करायचं, मग उतारावर, आणि बंधारा शेवटी. मी नेमकं उलटं केलं. पायथ्याला भोक पाडलं आणि माथ्याकडे बघितलंच नाही.

आता मामेभाऊ आणि पाड्यावरची मुलं उन्हाळ्यात चर खणतात, झाडं लावतात. आम्ही मित्र दरवर्षी थोडे पैसे पाठवतो, अवजारांसाठी आणि दुपारच्या जेवणासाठी. चमत्कार झालेला नाही. विहीर पूर्वी मार्चमध्ये तळ गाठायची, आता एप्रिल संपत येईपर्यंत टिकते. पण हंडा घेऊन जाणाऱ्या बाईसाठी तो एक महिना म्हणजे काय, ते आपल्याला इथून कळणार नाही. फोटो काढण्यासारखं तिथे काही नाही. उतारावर मातीच्या रेघा, बस्स.

श्रमदान फक्त आपल्याकडेच असतं असं समजू नका. १९८६ साली व्हिक्टोरियात जोन कर्नर या मंत्री आणि हेदर मिचेल या शेतकऱ्यांच्या नेत्या, राजकारणात एकमेकींपासून लांब असलेल्या दोन बायका एकत्र आल्या आणि लँडकेअर सुरू झालं. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून आपल्या ओढ्याच्या काठी झाडं लावायची, कुंपण घालून गुरं पाण्यापासून लांब ठेवायची, मातीची धूप थांबवायची. आज देशभर असे हजारो गट आहेत. शहरात काउन्सिलचे बुशकेअर गट असतात. स्ट्रीमवॉचमध्ये सामान्य माणसं ओढ्याचं पाणी तपासायला शिकतात. पॅरामॅटा नदीसाठी काउन्सिलं आणि सरकारी खाती मिळून पॅरामॅटा रिव्हर कॅचमेंट ग्रुप चालवतात. मी स्वतः तीन वर्षं महिन्यातून एका रविवारी टुंगाबी क्रीकवर तण उपटायला जातो. आमच्या गटात दोन निवृत्त शिक्षिका, एक लेबनीज टॅक्सीवाले, एक चिनी आजोबा आणि मी. मराठी माणूस अजून एकच आहे, आणि दहा वाजता मिळणारा चहा-केक फार चांगला असतो, एवढंच सुचवतो!

एक गोष्ट स्पष्ट करतो. टुंगाबी क्रीकचं पाणी आपण पीत नाही. ते पॅरामॅटा नदीतून हार्बरला जातं. पण आपल्या रस्त्याच्या कडेची जाळी थेट अशा ओढ्यात उघडते, मधे कुठलाही शुद्धीकरण प्लांट नाही. ड्राइव्हवेवर गाडी धुतली की साबण ओढ्यात. आणि ज्या मुलांना घराजवळचा ओढा आपला वाटत नाही, त्यांना साठ किलोमीटर दूरचं धरण कसं आपलं वाटणार?

म्हणून दूध यायच्या आत चार गोष्टी मागतो.

पहिली, फराळाची. दिवाळीत चकल्या-शेव तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. गार करून, जुन्या वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात टाका. जुनी औषधंही बेसिनमध्ये नकोत, कुठलाही केमिस्ट ती फुकट परत घेतो. दुसरी, गणपतीची. मूर्ती शाडूची आणि विसर्जन घरच्या बादलीत. निर्माल्य बागेतल्या खतात. बाप्पा रागावणार नाहीत, ते पाणलोटातलेच आहेत, डोंगराच्या लेकीचे चिरंजीव! तिसरी, मार्चच्या पहिल्या रविवारी 'क्लीन अप ऑस्ट्रेलिया' असतं. इयन किअर्नन यांनी १९८९ मध्ये सिडनी हार्बरच्या सफाईपासून त्याची सुरुवात केली. आपल्या मंडळाची एक तुकडी त्यात असावी, मुलांसकट. आणि चौथी, ज्यासाठी मी माझी चूक चारचौघांत सांगितली. यापुढे महाराष्ट्रातल्या गावाच्या पाण्यासाठी मंडळातून मदत जाईल तेव्हा देण्याआधी एवढंच विचारूया: वरच्या अंगाला काय केलंय? माथ्यावर काम झालंय का? गाव स्वतः त्यात आहे का? उत्तर मिळालं नाही तर पैसे थोडे थांबवूया, फोटो कितीही छान असले तरी.

जाता जाता. १९९८ च्या सप्टेंबरात पाणी उकळायचं बंद झालं, त्यानंतर आईला आम्ही ब्लू माउंटन्सला नेलं. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नेतो तसं, कटूम्बाला, एको पॉइंटवर. तिचा फोटो आहे: साडीवर स्वेटर, पायात माझे स्पोर्ट शूज, बाजूला थ्री सिस्टर्स आणि मागे दरीत पसरलेलं निळसर जंगल. तुमच्या सगळ्यांच्या अल्बममध्ये असा एक फोटो असणारच. ती दरी म्हणजे जेमिसन व्हॅली. तिच्यातून केडुम्बा नदी वाहते आणि ती जाते वॉरगॅम्बाच्या तलावात. म्हणजे जो प्रश्न तिने मला विचारला होता, त्याचं उत्तर तिच्या पाठीमागे उभं होतं आणि ते मला कळलं नव्हतं! आई आता नाही. तिला ते सांगायचं राहून गेलं.

पुढच्या वेळी पाहुण्यांना तिथे घेऊन जाल तेव्हा थ्री सिस्टर्सचा फोटो काढून झाला की मुलांना दरीकडे बोट करून सांगा, "बघ, आपल्या घरचा नळ इथे सुरू होतो."

दूध आलं वाटतं. पाणी न घातलेलं!